‘डार्क’चा शेवट : गाठ नेमकी कोणत्या दोरीत होती?

‘डार्क’ या जर्मन मालिकेचा शेवटचा भाग २७ जून २०२० रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा दापोली तालुक्यातील आमच्या गावात वीज नव्हती. ३ जूनच्या निसर्ग चक्रीवादळाने विजेचे खांब आडवे केले होते, वाडीतल्या पोफळी अर्ध्यावर मोडल्या होत्या आणि मोबाइलला रेंज मिळावी म्हणून माणसे सड्यावर जाऊन उभी राहत होती. त्यामुळे तो भाग आम्ही भावंडांनी पाहिला तो गणपतीच्या सुमारास, आणि पाहून झाल्यावर ओटीवर जी चर्चा सुरू झाली ती मध्यरात्र उलटली तरी संपली नाही. कोण कोणाचा कोण, हे बहुतेकांनी कागदावर मांडून पाठ केले होते. अडत होते ते एकाच ठिकाणी. तीन हंगाम कोणालाही न मोडता आलेले चक्र शेवटच्या तासाभरात दोन पोरे कशी मोडतात, आणि हे उत्तर म्हणायचे की पळवाट, असा तो प्रश्न होता. हा लेख त्या प्रश्नापुरता आहे. ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांनी येथेच थांबावे, कारण पुढे काहीही झाकून ठेवलेले नाही.

मालिकेची जुजबी माहिती अशी : बारान बो ओडार आणि यान्ट्ये फ्रीझ या दोघांनी ती निर्माण केली, नेटफ्लिक्सची ती पहिली जर्मन मालिका, आणि डिसेंबर २०१७ ते जून २०२० या काळात तिचे तीन हंगाम मिळून २६ भाग झाले. कथा घडते विंडन नावाच्या काल्पनिक गावात. गावाला लागून दाट जंगल आहे, जंगलात गुहा आहे, आणि जवळच अणुऊर्जा प्रकल्पाचे, वाफ सोडणारे दोन अजस्र शीतक मनोरे आहेत. माडबन-जैतापूरचा वाद घरात बसून ऐकलेल्या माणसाला त्या मनोऱ्यांकडे निव्वळ देखावा म्हणून पाहता येत नाही, हे मी आधीच कबूल करतो. २०१९ साली या गावातून मिकेल नावाचा लहान मुलगा नाहीसा होतो, तो गुहेतून १९८६ सालात जाऊन पोहोचलेला असतो, आणि तेथून सगळे सुरू होते. निदान पाहणाऱ्याला तसे वाटते.

गुहेतला रस्ता ३३ वर्षांच्या अंतराने वर्षे जोडतो : १९५३, १९८६, २०१९. हा आकडा लेखकांनी हवेतून काढलेला नाही. चंद्राच्या बारा महिन्यांचे साधारण ३५४ दिवस होतात आणि सूर्याचे वर्ष ३६५ दिवसांचे असते. दरवर्षीचा हा अकरा दिवसांचा फरक साठत साठत ३३ वर्षांत जवळजवळ एका पूर्ण वर्षाएवढा होतो आणि दोन्ही कालगणना पुन्हा जुळतात. आपल्या पंचांगात अधिक महिना घालून हा फरक वेळच्या वेळी मिटवला जातो, त्यामुळे आपल्याला त्याचा पत्ता लागत नाही. हिजरी कालगणनेत तो मिटवत नाहीत. हर्णै-दाभोळकडच्या मुसलमान घरांतील वडीलधाऱ्या माणसांना म्हणूनच हे चक्र अनुभवाने ठाऊक असते : २०२० सालचा रमजान एप्रिलच्या अखेरीस सुरू झाला, तसा तो १९८७ सालीही एप्रिलच्या अखेरीसच सुरू झाला होता. एका आयुष्यात एक ऋतू फार तर दोनदा-तीनदा फिरून येतो. मालिकेने या साध्या खगोलीय हिशेबाला दार बसवले, एवढेच.

आता त्या चक्राचा स्वभाव पाहू, कारण शेवट समजण्यासाठी तोच आधी नीट समजला पाहिजे. भूतकाळात जाता येते, पण तेथे काही बदलता येत नाही, असा विंडनचा नियम आहे. कारण जो मनुष्य बदलायला जातो त्याचे जाणे हेच घडून गेलेल्या गोष्टीचे कारण असते. दुसऱ्या हंगामात योनास आपल्या वडिलांची आत्महत्या टाळण्यासाठी आदल्या दिवसात जातो. त्याचे वडील मिखाएल, म्हणजेच भूतकाळात अडकून तेथेच मोठा झालेला तो मिकेल. योनास त्यांना सगळे सांगतो, विनवतो, आणि मिखाएल शांतपणे म्हणतो की असे काही आपल्या मनातही नव्हते. पोराने येऊन सांगितल्यामुळेच ती कल्पना त्याच्या मनात शिरते. अडवायला गेलेला हात ढकलणारा ठरतो, आणि प्रत्येक हंगामात प्रत्येक पात्राच्या बाबतीत असेच घडत राहते. आपल्या वाड्यांमधून पूर्वी विहिरीवर रहाट असत. फिरणाऱ्या रहाटाचे पहिले गाडगे कोणते, हे जसे सांगता येत नाही, तसेच विंडनमध्ये पहिले कारण कोणते हे सांगता येत नाही.

या नियमाचा सर्वांत विचित्र परिणाम नात्यांवर होतो. शार्लोटे ही एलिझाबेथची आई. एलिझाबेथ मोठी होते, भविष्यकाळात नोआ नावाच्या पुरुषापासून तिला मुलगी होते, आणि ती तान्ही मुलगी भूतकाळात नेली जाऊन एका घड्याळजीच्या हाती सोपवली जाते. ती मुलगी म्हणजे शार्लोटे. मायलेकी एकमेकींच्या आया आहेत! तलाठ्यासमोर वारस नोंदीसाठी अशी वंशावळ ठेवली तर तो काय म्हणेल, हा विचार आमच्या भावकीतल्या एकाने बोलून दाखवला आणि चर्चा काही काळ थांबली. परंतु थट्टा बाजूला ठेवली तरी मुद्दा महत्त्वाचा आहे. शार्लोटेला वर्तुळाबाहेर कोठेही मूळ नाही. वर्तुळ नसेल तर ती जन्मालाच आलेली नसेल. हे लक्षात ठेवावे, शेवटी याचाच हिशेब चुकता होतो.

तिसऱ्या हंगामात कळते की विंडन एक नाही, दोन आहेत. दुसऱ्या जगात मिकेल भूतकाळात गेलाच नाही, म्हणून तेथे योनास जन्मला नाही. योनासची प्रेयसी मार्था मात्र तेथेही आहे. पहिल्या जगाचा योनास म्हातारपणी आदम होतो, दुसऱ्या जगाची मार्था म्हातारपणी एवा होते, आणि या दोघांचे जन्मभराचे भांडण एका गाठीवरून आहे. दोन्ही जगे एकमेकांत गुंतली आहेत त्या गुंत्याला मालिका गाठ म्हणते. योनास आणि दुसऱ्या जगातली मार्था यांना एक मुलगा होतो. त्याला नाव नाही. बालक, प्रौढ आणि वृद्ध अशा तीन वयांत तो एकाच वेळी, एकत्र वावरतो. हा मुलगा पुढे ट्रोंटेचा बाप होतो, ट्रोंटेचा मुलगा उलरिख, उलरिखची मुले मार्था, माग्नुस आणि मिकेल, मिकेलचा मुलगा योनास, आणि योनासचा मुलगा पुन्हा हाच. म्हणजे तो स्वतःच्या खापरपणजोबाचा बाप आहे. आदमला वाटते की हा मुलगाच गाठीचे मूळ. तो जन्मण्यापूर्वीच नाहीसा केला की गाठ कापली जाईल आणि सगळ्यांची सुटका होईल. एवाला वाटते की गाठ टिकली पाहिजे, कारण ती सुटली तर तिचा मुलगा नाहीसा होईल. एक तोडायला बसला आहे, एक राखायला, आणि दोघांच्या ओढाताणीत गाठ आवळत जाते.

शेवटच्या भागाकडे जाताना मालिकेने जो एक प्रसंग ठेवला आहे, त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही असे माझे मत आहे. आदम अखेर गरोदर मार्थाला पकडतो आणि दोन्ही जगांच्या सर्वनाशाची शक्ती एकवटून तिला तिच्या पोटातल्या मुलासह नष्ट करतो. त्याच्या हिशेबाने यानंतर सर्व काही संपायला हवे. तो उभा राहून वाट पाहतो, आणि काहीही होत नाही. भिंती तशाच, तो तसाच. आयुष्यभराचे गणित चुकले आहे हे त्याच्या भाजलेल्या चेहऱ्यावर उमटते, आणि त्याच वेळी म्हातारी क्लाउडिया दारात येऊन उभी राहते. ही क्लाउडिया दोन्ही जगांत वावरलेली आहे; आदम आणि एवा या दोघांनाही आपण त्यांच्याच बाजूच्या आहोत असे तिने भासवले आहे. तिचे सांगणे थोडक्यात असे : तुम्ही दोघे जी गाठ पाहता आहात तिचे मूळ या दोन जगांत नाहीच. दोन्ही जगे एका तिसऱ्या, मूळ जगातून फुटली आहेत.

त्या मूळ जगात एच. जी. टानहाउस नावाचा घड्याळजी आहे. १९७१ साली पावसाच्या एका रात्री त्याचा मुलगा मारेक त्याच्याशी भांडून, बायको सोन्या आणि तान्ही मुलगी शार्लोटे यांना घेऊन गाडीने निघून जातो, पुलावर अपघात होतो आणि तिघेही मरतात. (या शार्लोटेचा आणि वरच्या शार्लोटेचा नावाखेरीज संबंध नाही; येथे गोंधळ होणे साहजिक आहे.) टानहाउस पुढची पंधरा वर्षे एक यंत्र बनवतो, आपली माणसे परत आणण्यासाठी. १९८६ साली तो ते चालू करतो. माणसे परत येत नाहीत. जग दुभंगते, आणि आदमचे व एवाचे अशी दोन जगे निर्माण होतात, जी आपापल्या शेपटीला तोंडात धरून फिरत राहतात. रहाटाचे पहिले गाडगे आतून सापडत नव्हते याचे कारण एवढेच, की विहीर खणणारा माणूस रहाटावर नव्हता.

परंतु नियम जर असा आहे की काहीच बदलत नाही, तर क्लाउडियाला हे आदमपर्यंत पोहोचवता तरी कसे आले? येथे मालिकेतील सर्वांत अवघड कल्पना येते आणि तीच बहुतेकांच्या हातून निसटते. सर्वनाशाच्या क्षणी, म्हणजे पहिल्या जगात २७ जून २०२० रोजी (शेवटचा हंगाम त्याच तारखेला प्रदर्शित करण्यात आला), काळ अत्यल्प क्षणासाठी थांबतो. भरती संपून ओहोटी लागण्यापूर्वी खाडीचे पाणी काही वेळ उभे राहते, ना आत येत, ना बाहेर जात, आणि त्या वेळी होडी हलक्या हातानेही हवी तिकडे वळते, तसे काहीसे हे आहे. त्या क्षणात कार्यकारणाचा धागा सैल असतो, आणि एकच माणूस दोन वाटांनी जाऊ शकतो व दोन्ही वाटा खऱ्या राहतात. दुसऱ्या जगातली मार्था येऊन योनासला आपल्यासोबत नेते, ही एक वाट. त्याच क्षणी विंडनमधला तरुण बार्टोश मार्थाला अडवतो, ती पोहोचतच नाही, आणि योनास तळघरात लपून जीव वाचवतो, ही दुसरी. पहिल्या वाटेवरचा योनास मुलाचा बाप होतो आणि पुढे मारला जातो. दुसऱ्या वाटेवरचा योनास आदम होतो. योनास मेला तर आदम कोठून आला, हा आमच्या ओटीवर सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न येथे सुटतो : ते दोन योनास आहेत, आणि गाठ टिकण्यासाठी दोघांचीही गरज आहे.

एवाला हा सैल क्षण ठाऊक होता. तिने तो प्रत्येक फेरीत तेच ते पुन्हा घडवण्यासाठी वापरला. क्लाउडियाने प्रथमच तो वेगळे काही करण्यासाठी वापरला, आणि आदमलाही तसेच करायला लावले. म्हणून आदम त्या क्षणात परत जातो, आपल्या जगातली मार्था नुकतीच गमावलेल्या तरुण योनाससमोर उभा राहतो आणि त्याला तिसऱ्या वाटेवर पाठवतो : दुसऱ्या जगातल्या मार्थाला गाठ, तिला बरोबर घे, आणि टानहाउस यंत्र चालू करील त्या क्षणी उघडणाऱ्या फटीतून मूळ जगात जा. स्वतः आदम एवाकडे जातो. तो आपल्याला गोळी घालणार याची तिला खात्री असते, कारण प्रत्येक फेरीत तेच होत आले आहे. या वेळी तो गोळी झाडत नाही. संपूर्ण शेवटात मला सर्वांत जास्त आवडलेली गोष्ट हीच, की सुटकेचे पहिले चिन्ह म्हणून काही स्फोट वगैरे होत नाही. एक म्हातारा ठरलेले काम करायचे नाकारतो.

मूळ जगात योनास आणि मार्था काय करतात, हे तर याहून साधे आहे. ते पावसात रस्त्याच्या मध्ये उभे राहतात. मारेकची गाडी कचकन थांबते, आणि ते त्याला सांगतात की पुढचा पूल बंद आहे. मारेक गाडी वळवतो आणि बापाच्या घरी परत जातो. काहींना हे फारच किरकोळ वाटले. तीन हंगामांच्या गुंत्याला एवढेसे उत्तर? कोकणातल्या माणसाने तरी असे म्हणू नये. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि अंधारात दोन एसटी गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. त्यानंतर पावसाळ्यात अनोळखी गाडीला हात दाखवून ‘पुढे जाऊ नका’ म्हणणारा मनुष्य किती मोठे काम करतो, हे या पट्टीत कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

आता मुख्य आक्षेप. मारेक वाचला, म्हणून टानहाउसने यंत्र बनवले नाही. यंत्र नाही, म्हणून दोन जगे नाहीत. दोन जगे नाहीत, म्हणून योनास आणि मार्था नाहीत. मग रस्त्यात उभे कोण राहिले? कालप्रवासाच्या कथांतील हा जुना पेच आहे : भूतकाळात जाऊन आपल्या आजोबांना मारले तर मारणारा आला कोठून? मालिकेचे उत्तर १९३५ साली भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंगर यांनी मांडलेल्या मांजराच्या उदाहरणावर उभे आहे, आणि ते तिसऱ्या हंगामात टानहाउसच्याच तोंडून येते. बंद पेटीतले मांजर पेटी उघडेपर्यंत जिवंत आणि मृत अशा दोन्ही अवस्थांत मानावे लागते. तसेच यंत्र चालू होण्याचा तो क्षण दोन्ही शक्यता सामावून घेतो : एकीत दोन जगे फुटतात, दुसरीत मारेक घरी परततो. पहिली शक्यता पुरेशी खरी असते म्हणून दोघे रस्त्यापर्यंत पोहोचतात. ते पोहोचले की दुसरी पक्की होते आणि पहिली विरून जाते.

हे विज्ञान म्हणून टिकणारे नाही. श्रोडिंगर यांचे उदाहरण अणूच्या पातळीवरचे नियम रोजच्या जगाला लावले की किती चमत्कारिक निष्पत्ती होते हे दाखवण्यासाठी होते, गावे दुभंगण्याची कृती म्हणून नव्हे. तर्क म्हणूनही त्यात फट राहते, आणि ती नाही असे सांगणारे मालिकेचे भक्त मला पटत नाहीत. परंतु पळवाटेचा आरोपही मला मान्य नाही. पळवाट म्हणजे ऐन वेळी नवा नियम आणणे. येथे सैल क्षणाचा नियम शेवटच्या भागाआधीच सांगितलेला आहे, तो योनासच्या दोन वाटांत वापरून दाखवलेला आहे, आणि ‘आतून काही बदलत नाही’ हा जुना नियम शेवटपर्यंत मोडलेलाच नाही. आत खरोखरच काही बदलले नाही. बदलले ते बाहेर, आणि मग आतले सगळेच गेले.

सगळे म्हणजे कोण, हे कळण्यासाठी शेवटचे जेवणाचे दृश्य आहे, आणि ते म्हणजे अक्षरशः वारस तपास आहे. मूळ जगातल्या विंडनमध्ये एका टेबलाभोवती रेगिना, काटारीना, हाना, पेटर, बेनी आणि व्योलर बसलेले दिसतात. उलरिख नाही, कारण तो ट्रोंटेचा मुलगा आणि ट्रोंटे त्या निनावी मुलाचा. त्यामुळे मार्था, माग्नुस, मिकेल, योनास यांपैकी कोणीच नाही. शार्लोटे आणि एलिझाबेथ नाहीत, त्या तर एकमेकींच्याच पोटच्या. रेगिना मात्र आहे, आणि क्लाउडियाने हे सर्व का केले याचे उत्तर त्यातच आहे. रेगिना तिची मुलगी. दोन्ही जगांत मरणारी ही मुलगी ट्रोंटेची नव्हे, हे तिच्या आईला ठाऊक होते. म्हणजेच तिचा जन्म गाठीवर अवलंबून नव्हता, आणि गाठ सुटली तरी ती उरणार होती. टानहाउसने मुलासाठी यंत्र बनवले, एवाने मुलासाठी गाठ राखली, क्लाउडियाने मुलीसाठी ती सोडवली. तिघांचा हेतू एकच होता. फरक एवढाच, की क्लाउडिया दोरीचे टोक शोधत आपल्या दुःखाबाहेर, दुसऱ्याच्या घरापर्यंत गेली.

उरतो तो पिवळा रेनकोट, जुना योनास घालत असे तसा. जुन्या योनासची आई हाना येथे गरोदर आहे, व्योलर तिचा जोडीदार आहे. ती खोलीतल्या पिवळ्या रेनकोटाकडे टक लावून पाहते, हे आधी घडून गेल्यासारखे वाटते म्हणते, आणि बाळाचे नाव विचारल्यावर ‘योनास’ म्हणते. यावरून चक्र पुन्हा सुरू होणार असा अर्थ अनेकांनी काढला. तो चुकीचा आहे, आणि तेही वंशावळीवरूनच सिद्ध होते : जुन्या योनासचा बाप मिकेल होता, या बाळाचा बाप व्योलर आहे. नाव तेच, मूल निराळे. एवढेच म्हणता येईल की पुसलेल्या पाटीवर अक्षरांचा किंचित माग राहिला आहे.

त्याच दृश्यात व्योलर आपल्या डोळ्याला काय झाले ते सांगू लागतो. तीन हंगाम ही गोष्ट अर्धवट राहिलेली आहे, त्यामुळे आम्ही सगळे पुढे सरकून बसलो होतो. तेवढ्यात विजांचा कडकडाट होतो आणि खोलीतले दिवे जातात. आमच्या ओटीवरच्या आठही जणांनी एकदम मान वर करून पंख्याकडे पाहिले. पंखा फिरत होता. वीज विंडनची गेली होती.